डाव्या बाजूचं रबर

नव्या रबराला एक उग्र, किंचित गोडसर वास असतो. प्लास्टिकच्या पिशवीचं तोंड फाडलं की तो थेट नाकात शिरतो, आणि एकदा हाताला लागला की साबणाला दाद देत नाही. कालपासून मी तो तळहातावर वागवते आहे. भाकरी मोडताना येतो, केस सारखे करताना येतो, आणि जेव्हा जेव्हा येतो तेव्हा छातीत कालचाच धक्का पुन्हा बसतो. काम तरी केवढं होतं? वडिलांच्या मोटरसायकलला पाय ठेवायच्या ज्या दांड्या असतात, त्यांच्यावरची झिजलेली रबरं काढायची आणि नवी बसवायची. ज्याला घरातला कुकर उघडता येतो त्याला जमावं इतकं साधं काम. त्या कामानं माझ्या आईवडिलांचा संसार माझ्यासमोर असा उलटा करून दाखवावा, याला काय म्हणावं?

ढोकीला माहेरी मी आले होते ती आईला वाटेला लावायला. आई पुण्याला, माझ्या धाकट्या भावाकडे, बाळूकडे राहायला निघाली होती. ‘कायमची’ हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. पण पलंगावर रचलेल्या लुगड्यांच्या घड्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली तिची पितळेची पळी तो न बोलता उच्चारत होत्या. माणूस चार दिवसांसाठी जातं तेव्हा आपली पळी सोबत नेत नाही.

याची सुरुवात गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस झाली. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन आला. फोनवर लांबण लावणं त्यांच्या स्वभावात नाही. उसाचं, सोयाबीनचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "तुझ्या आईचा पाय आता इथं ठरत न्हाय." आणि फोन ठेवला. याचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. ज्याचं मन घरातून उठलं, ज्याला चार भिंतींत करमेनासं झालं, त्याचा पाय ठरत नाही. शिवाय मी लातूरला महाविद्यालयात मराठी शिकवते. वाक्प्रचारांचे अर्थ सांगण्यावरच माझं पोट भरतं. मला तो चटकन लागला. लेक लातूरला, लेकाचा संसार पुण्याला, घरात बोलायला माणूस नाही, आणि जे आहे ते उसाच्या पाण्याच्या पाळ्यांत गुंतलेलं. आईचं मन उडालं असेल तर नवल कसलं? बाळूलाही तोच अर्थ लागला. त्यानं तिला विचारलं, येतेस का? ती म्हणाली, "तुमचे अण्णा म्हणतेत तर येते." या वाक्यातलं ‘येते’ तेवढं आम्ही ऐकलं.

वास्तविक या दोघांचं मिळून बाहेर पडणं ही आमच्या बालपणातली सर्वांत स्थिर गोष्ट. पौर्णिमा आली की येरमाळ्याला येडेश्वरीच्या दर्शनाला जायचं, आणि तेही गाडीवरूनच. अण्णा पुढे, डोक्याला टोपी आणि कानांवरून रुमाल. आई मागे एका अंगावर, दोन्ही पाय डावीकडे, मांडीवर ओटीची पिशवी, एका हातात सीटमागची कडी. हंगामात त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, वाऱ्याला मळीचा आंबूस दर्प येतो, आणि ट्रॉलीतून गळालेली कांडकी चाकाखाली कडाकडा मोडतात. घरात दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत. पण गाडीवर बसलं की आई अण्णांच्या कानाशी वाकून काहीबाही सांगत असे आणि अण्णा मान न वळवता हुंकार देत. किती दांपत्यांचं सहजीवन असं त्या वीतभर अंतरात, वाऱ्याच्या आवाजात घडत असेल? गेल्या पावसाळ्यापासून तेही थांबलं. अण्णा एकटेच जाऊ लागले. आई एस्टीनं जाऊन येई, नाहीतर जातच नसे. आणि मागची सीट रिकामी राहिली, याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही.

काल दुपारची बांधाबांध मला बघवेना. चेनच्या पिशव्या घेऊन येते असं सांगून मी अण्णांची गाडी बाहेर काढली. बाजाराच्या तोंडाशी ब्रेक दाबायला गेले आणि उजवा पाय दांडीवरून निसटला. खाली पाहिलं तर रबराच्या रेघा पार पुसून गेलेल्या. पिशव्यांबरोबर मी रबरंही घेऊन आले. मला पुढचीच दोन हवी होती, पण दुकानदार सेट सुटा करून देईना. मनातून मला ते बरंच वाटलं. आईचं सामान बांधण्यापेक्षा हे काम हातांना अधिक परवडणारं होतं.

"मागची कशाला आणलीस?" अण्णा ओट्यावरून म्हणाले. "मागची नवीकोरी हायेत. रोज पुसतो की म्या."

यात खोटं काहीच नव्हतं. अण्णा खरंच रोज सकाळी फडकं घेऊन गाडी पुसतात, बैलाच्या पाठीवरून हात फिरवावा इतक्या मायेनं पुसतात.

मी कढत पाणी घेतलं, साबणाचा फेस केला, एक ब्लेड आणि पक्कड शोधली. जुनं रबर ब्लेडनं उभं चिरायचं आणि सालीसारखं सोलून काढायचं. आतल्या लोखंडावरचा गंज घासायचा. नवं रबर कढत पाण्यात मऊ करून, फेस लावून, पिळत पिळत दांडीवर चढवायचं. शेवटी तळहाताचा एक दणका दिला की ते आपल्या जागी बसतं. पुढची दोन अशी बसली. मग मागचं उजवं घेतलं, आणि अण्णांचं म्हणणं अगदी खरं निघालं. त्याच्या रेघा करकरीत होत्या, टोकावरची कंपनीची अक्षरंसुद्धा वाचता येत होती. इतक्या वर्षांत त्याला कुणाचं पाऊल लागलंच नव्हतं. राहिलं डावं. गाडी नेहमी पत्र्याच्या शेडमध्ये डावी बाजू भिंतीला लावून उभी असते. तशी उभी केली की ती वाटेत येत नाही. मी ती ओढून भिंतीपासून दूर केली, पलीकडे जाऊन उकिडवी बसले आणि दांडी धरायला हात पुढे केला.

हात घसरला.

रबर असं तिथं उरलंच नव्हतं. दांडीच्या मुळाशी आणि टोकाशी काळ्या कडा तेवढ्या शिल्लक होत्या. मधलं सगळं झिजून, फाटून गळून गेलं होतं, आणि उघडं पडलेलं लोखंड जोडव्यासारखं लखलखत होतं. त्याच्यावर गंजाचा ठिपकासुद्धा नव्हता. लोखंड असं आपोआप चमकत नाही; त्याच्यावर वर्षानुवर्षं काहीतरी घासावं लागतं. मी बोट फिरवलं तर ते फेस न लावताही सुळकन पुढे गेलं. पूर्वी या बाजूला साडी चाकात जाऊ नये म्हणून जाळी होती आणि तिच्या खाली बायकांनी पाय ठेवायची पट्टी होती. एका ट्रॉलीनं घासून ती वाकली, तेव्हा अण्णांनी ती काढून माळ्यावर टाकून दिली. तेव्हापासून आईच्या पावलांना आधार होता तो एवढ्या दांडीचाच. आणि तो आधार हा असा होता! मी होते तिथेच जमिनीवर फतकल मारून बसले. एकाच गाडीची, एकाच दिवशी बसवलेली ही दोन रबरं. एक बिनवापराचं, कोरंकरकरीत, आणि दुसऱ्याचं नावही उरलेलं नाही. अण्णा इतक्या मायेनं रोज पुसत होते ती गाडीची उजवी बाजू होती. डावी बाजू भिंतीला असायची.

आपल्या भाषेला पायांचं केवढं कौतुक आहे. नव्या सुनेनं उंबरठ्यावरचं माप पायानं लवंडायचं, मग घरानं तिचा पायगुण पाहायचा. थोरांच्या पायांवर माथा टेकवायचा, पाहुण्यांना पायधूळ झाडायला बोलवायचं. पण माप लवंडून आत आलेलं ते पाऊल पुढे जन्मभर कशावर टेकलेलं असतं, याची चौकशी कोण करतं? पुरुष गाडीवर दोहीकडे पाय टाकून बसतो. त्याचा भार दोन दांड्यांवर वाटला जातो. बाईचं मात्र सगळं अंग एका बाजूला, सगळा तोल एका पावलाच्या हवाली. पुढच्या माणसानं ब्रेक दाबला की तीही आपलं पाऊल दाबते. तिच्या पायाखाली ब्रेक नसतो, हे तिला ठाऊक असतं, तरी दाबते. आईचं रबर असं दाबून दाबूनच संपलं होतं.

उरल्यासुरल्या कडा सोलून मी हातात घेतल्या आणि स्वयंपाकघरात गेले. आई बाळूसाठी धपाटे करत होती. मी म्हटलं, "आई, हे बघ. गाडीचं डावीकडचं रबर पार गेलंय गं."

तव्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "मंग सांगितलं न्हवतं का म्या? पाय ठरत न्हाय म्हणून."

तवा तवाच राहिला, चूल चूलच राहिली. फोनवर ऐकलेलं वाक्य मात्र तेच राहिलं नाही. मी विचारलं, "कुणाला सांगितलं होतंस?"

"तुझ्या अण्णांनाच की. येरमाळ्याहून येताना पाऊस लागला. चप्पल वली. उतारावर पाय सुटला, पुन्हा ठिवला, पुन्हा सुटला. म्हणलं, आता पडतेच. घरी आल्यावर दारातच सांगितलं, आता म्या न्हाय येत, माझा पाय ठरत न्हाय. तर मला म्हणाले, ठरंल तिथं जा मंग." तिनं धपाटा उलटला. "तवापासून एस्टीनं जाते. आन मंग बाळूचा फोन आला. हे जा म्हणतेत, तर जाते गुमान."

दारात उभं राहून दोन माणसांनी एकेक वाक्य बोलावं आणि दोघांनीही दुसऱ्याचं वाक्य भलतंच ऐकावं! ती लोखंडाविषयी बोलत होती, त्यांनी घराविषयी ऐकलं. ते दुखावून बोलले, तिनं हुकूम ऐकला. पुढे मला फोनवर सांगताना अण्णांनी तिच्या वाक्यात ‘इथं’ हा एक शब्द आपल्या पदरचा घातला. बहुधा तो तिनंच उच्चारला होता असं त्यांना मनापासून वाटत असावं. त्या एका शब्दावर लेकानं खोली रिकामी केली, लेक निरोप द्यायला आली, पळी कागदात गेली. यात कुणी खोटं बोललं नाही. कुणी आवाजही चढवला नाही. मोठं भांडण झालं असतं तर शेजारपाजारचं कुणीतरी मध्ये पडलं असतं, आणि बोलता बोलता खरं काय ते बाहेर आलं असतं. इथे तर दोन समंजस माणसं एकमेकांच्या इच्छेचा मान राखत एकमेकांपासून दूर निघाली होती. मला सर्वांत जास्त भीती वाटली ती या समंजसपणाची. त्या दुकानदारानं सेट फोडून दिला असता तर? त्या ‘तर’च्या पुढे माझा विचार जाईना.

आणि आई तरी कुठली? सास्तूरची. त्र्याण्णव सालच्या भूकंपात ते गाव गेलं आणि पुढे दुसऱ्या जागी, सरळ रांगांत पुन्हा वसलं. ती तेव्हा सासरी, इथे ढोकीला होती म्हणून वाचली असं ती कधी म्हणत नाही. पण नव्या गावात पहिल्यांदा माहेरपणाला गेली तेव्हा भावाचं घर सापडेना म्हणून रांगेतल्या कुठल्याशा दाराशी बसून रडली होती, एवढं मला ठाऊक आहे. त्या गावच्या लेकी पायाखालच्या जमिनीविषयी अलंकार करून बोलत नाहीत. भिंत हलली म्हणजे भिंत हलली. पाय ठरत नाही म्हणजे पाय ठरत नाही.

मी बाहेर आले, रबराच्या त्या कडा अण्णांच्या हातात दिल्या आणि आईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी त्या अलटून पालटून पाहिल्या.

"हे आपल्या गाडीचं?"

मी शेडकडे बोट दाखवलं. ते उठून आले, गाडीला वळसा घालून डावीकडे गेले, वाकले आणि त्या चकचकीत लोखंडावर त्यांनी अंगठा टेकवला. अंगठा निसटला. त्यांनी तो पुन्हा टेकवला. "मला वाटलं..." एवढं बोलून ते थांबले. त्यांना काय वाटलं होतं, ते आता सांगायची गरजही नव्हती.

मी नवं रबर पाण्यातून काढायला गेले, तर म्हणाले, "थांब. अगोदर मला बसू दी. तू चालव."

मग आमच्या गल्लीनं जे पाहिलं ते तिनं पूर्वी कधी पाहिलं नसेल. पुढे मी, आणि मागे अण्णा, धोतर सावरत, एका अंगावर, दोन्ही पाय डावीकडे. कोपऱ्यावरच्या ओट्यावरून कुणीतरी विचारलंच, "काय अण्णा, आज बायावाणी?"

"व्हय," अण्णा म्हणाले, "बायावाणीच."

आम्ही साखर कारखान्याच्या रस्त्याला लागलो. समोरून उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, मी ब्रेक दाबला, आणि त्याच क्षणी माझ्या खांद्यात मागून बोटं रुतली. त्यांचा पाय सुटला होता. ट्रॅक्टर गेला, धूळ बसली, तरी ती बोटं सुटेनात. माझ्या वडिलांना भीती वाटते, हे मला या वयात त्या पकडीतून पहिल्यांदा कळलं. "फिरव माघारी," ते म्हणाले. वाटेत एकदाच बोलले, आई वाकायची तसेच माझ्या कानाशी वाकून: "तिनं कधी खांदा धरला न्हाय गं."

घरी आल्यावर ते रबर त्यांनी मला बसवू दिलं नाही. स्वतः बसले, गरजेपेक्षा दुप्पट फेस लावला, पिळून पिळून ते चढवलं, आणि जागी बसल्यावरसुद्धा तळहाताचे दणके देत राहिले. ‘चुकलं’ हा शब्द त्यांच्या तोंडात कधी रुळलेलाच नाही, आता या वयात तो कुठून येणार? त्यांनी फक्त गाडी लावताना उजवी बाजू भिंतीला लावली. त्यामुळे ती कलून येण्याजाण्याच्या वाटेतच आली, आणि आईला धुण्याची बादली घेऊन तिला वळसा घालून जावं लागलं. जाताना तिनं त्या नव्या काळ्याभोर रबराकडे पाहिलं. मग ती धुण्याकडे गेली, आणि मी पिशव्यांच्या चेनी ओढल्या.

आज सकाळी पिशव्या ओट्यावर आल्या. स्टँडपर्यंत जायला रिक्षा सांगितलेली होती. आई ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आली, तर दारासमोर गाडी उभी, डावी बाजू दाराकडे, आणि तिच्यावर अण्णा, टोपी घालून, रुमाल बांधून.

"बस," ते म्हणाले.

"रिक्षा येतीय की."

"येऊ दी. पाय ठिवून तर बघ."

आई उंबऱ्याशी थबकली. मग ती पायऱ्या उतरली, गाडीजवळ गेली, दांडीवर पाऊल ठेवलं आणि दाबलं. पुन्हा एकदा टाचेनं दाबलं. कडी धरून वर चढली, एका अंगावर बसली, लुगड्याचा घोळ गुडघ्याखाली खोचला.

"ठरला का?" अण्णांनी मान न वळवता विचारलं.

तिला उत्तर द्यायला वेळ लागला. रबराविषयी विचारत असते तर इतका वेळ लागला नसता. तिनं ओट्यावरच्या पिशव्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, अण्णांच्या पाठीकडे पाहिलं.

"ठरला," ती म्हणाली. आणि मग मला, "ते धपाटे तुमीच खावा. बाळूला म्हणावं, सवडीनं येते चार दिस. आन ती पळी काढून ठिव." अण्णांनी किक मारली तशी ती पुढे वाकली. "पर कुठं निघालाव?"

"येरमाळ्याला."

"आज कुठं पुनव हाय?"

"नसू दी. आन खांदा धर."

"लोक बघतेत."

"बघू दी."

रिक्षा आली की आता ती तशीच माघारी पाठवायची होती. मी दारात उभी होते. ओढणीच्या टोकानं डोळे पुसायला हात वर केला, तर बोटांना तोच वास, नव्या रबराचा, उग्र आणि किंचित गोडसर. हा आठवडाभर तरी जाणार नाही, आणि तो जाऊ नये असंच मला वाटतं आहे. कारण तो येईल तेव्हा तेव्हा मी दचकेन, आणि घरात कुणी साधं काही बोललं तर त्याचा अर्थ लावण्याआधी एकदा खाली वाकून पाहीन. कोपऱ्यावर उसाचा ट्रॅक्टर वळत होता. अण्णांनी ब्रेक दाबला, मागचा दिवा लाल झाला, गाडी पुढे कलली. आईचं पाऊल जागचं हललं नाही.